अदलाबदलीला नकार: सेंटर फील्डर कर्ट फ्लडचे प्रकरण

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाने आपला सेंटर फील्डर (मैदानाचा मागचा, मधला भाग सांभाळणारा खेळाडू) कर्ट फ्लड फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकला. त्याला कुणी विचारले नाही, कारण खेळाडूला विचारायची पद्धतच नव्हती. फ्लडने जायला नकार दिला, संघमालकांना कोर्टात खेचले आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याच्यामागून चार वर्षांत बाकीच्या खेळाडूंना ते स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याला मात्र त्यातले काही मिळाले नाही.

हे प्रकरण बहुतेक वेळा एका शूर माणसाची गोष्ट म्हणून सांगितले जाते. तो शूर होताच. मला इथे त्याचे निर्णय एकेक करून तपासायचे आहेत: कुठल्या क्षणी त्याच्यासमोर कुठल्या वाटा होत्या, त्यातली कुठली खरोखर खुली होती आणि किंमत कुणाच्या खिशातून गेली. खटल्याचे कागद आणि खेळाच्या नोंदी जाहीर आहेत, म्हणून मुख्य माणसांची नावे झाकलेली नाहीत.

पार्श्वभूमी

फ्लडचा जन्म १९३८ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला झाला आणि तो वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. फ्रँक रॉबिन्सन आणि व्हेडा पिन्सन हे पुढे गाजलेले आउटफिल्डर त्याच भागातले, त्याच शाळकरी मैदानांवर खेळलेले. १९५६ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने फ्लडला वर्षाला ४ हजार डॉलरवर घेतले. बोनस काही नव्हता. अठरा वर्षांच्या या काळ्या मुलाला त्यांनी दक्षिणेतल्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या खालच्या स्तरावर, धाडले. तिथे हॉटेल वेगळे, जेवणाची जागा वेगळी, आणि प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून घेत खेळायचे.

त्या दिवसांतला एक प्रसंग त्याने स्वतः सांगून ठेवला आहे. एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे काढून एका ढिगात टाकले, तसे त्यानेही टाकले. कपडे धुवायला नेणाऱ्या माणसाने त्याचा गणवेश हाताला लागू नये म्हणून एका लांब काठीने वेगळा काढला आणि काळ्यांच्या लाँड्रीत पाठवला. दुसरा सामना सुरू झाला, गोरे सहकारी मैदानात गेले आणि फ्लड आत उघडा बसून कपड्यांची वाट पाहत राहिला. उशिरा मैदानात उतरला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. पुढचे सगळे वाचताना हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपण वस्तू आहोत की माणूस, हा प्रश्न त्याला १९६९ मध्ये वकिलाने सुचवलेला नव्हता.

डिसेंबर १९५७ मध्ये सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसला देऊन टाकले. तो तेव्हा हिवाळी लीगसाठी व्हेनेझुएलात होता, बातमी तारेने कळली. वय १९. पुन्हा कधी असे होऊ द्यायचे नाही, असे त्याने तेव्हाच मनाशी ठरवले होते, असे तो पुढे सांगत असे.

सेंट लुईसमध्ये तो बारा हंगाम खेळला. बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, तिघे असतात, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये. मधल्याला सर्वांत जास्त मैदान सांभाळावे लागते. चेंडू बॅटवर आदळल्याच्या आवाजावरून तो कुठे पडणार याचा अंदाज घेऊन पाठ फिरवून पळत सुटायचे, हे त्याचे काम. फ्लड या कामात त्याच्या काळातल्या उत्तमांतला एक होता. १९६३ ते १९६९ सलग सात वर्षे क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याला मिळाला. १९६६ च्या पूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही, आणि सप्टेंबर १९६५ ते जून १९६७ या काळात तो सलग २२६ सामने बिनचूक खेळला. बॅटनेही तो कमी नव्हता. बेसबॉलमध्ये दहा संधींत तीन हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे) म्हणजे उत्तम फलंदाज, आणि फ्लडने सहा हंगामांत ही पातळी ओलांडली. १९६४ आणि १९६७ मध्ये कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) जिंकली, तेव्हा मध्ये तोच उभा होता.

१९६८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र घात झाला. डेट्रॉइटविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. सातवी इनिंग, धावफलक कोरा, दोन बाद, दोघे बेसवर. जिम नॉर्थरपने चेंडू थेट मध्यात मारला. फ्लड आधी पुढे सरकला, चूक लक्षात येताच वळला, पाय घसरला, आणि चेंडू डोक्यावरून मागे गेला. दोन धावा झाल्या, सामना ४-१ ने गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने मुखपृष्ठावर त्याला बेसबॉलमधला सर्वोत्तम सेंटर फील्डर म्हटले होते.

त्या हिवाळ्यात पगाराची बोलणी ताणली गेली आणि तो ९० हजार डॉलरवर राजी झाला. त्या काळी हा मोठा पगार होता. मार्च १९६९ मध्ये संघाचे मालक, बिअरसम्राट ऑगस्ट बुश यांनी पत्रकारांसमोर खेळाडूंना पैशाच्या मागे लागल्याबद्दल खडसावले. ते फ्लडच्या जिव्हारी लागले. हंगाम साधारण गेला, संघ गटात चौथा आला आणि मोडतोड सुरू झाली.

अडचण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका पहाटे फोन वाजला. बोलणारा मालक नव्हता, व्यवस्थापकही नव्हता, कार्यालयातला मधल्या पायरीवरचा कुणी कर्मचारी होता. सात खेळाडूंची अदलाबदल झाली होती. फ्लड, यष्टिरक्षकासारखे काम करणारा कॅचर टिम मॅककार्व्हर आणि आणखी दोघे फिलाडेल्फियाला, आणि तिकडून डिक ॲलनसह तिघे इकडे. मागाहून टपालाने छापील सूचना आली. बारा वर्षांच्या नोकरीचा शेवट एवढ्यावर झाला.

फिलाडेल्फिया म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. ज्या डिक ॲलनच्या बदल्यात तो निघाला होता, तो काळा खेळाडू घरच्याच प्रेक्षकांनी वस्तू फेकून मारल्यामुळे क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालत असे. सेंट लुईसमध्ये फ्लडचे मित्र होते, पोर्ट्रेट आणि फोटोचा धंदा होता.

मूळ अडचण मात्र शहराची नव्हती, कराराची होती. मेजर लीगच्या छापील करारात एक कलम होते, ज्याला रिझर्व्ह क्लॉज म्हणत. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर संघ जुनाच करार त्याच अटींवर एक वर्षासाठी वाढवू शकतो, असा त्याचा मजकूर. मालक त्याचा अर्थ असा लावत की वाढवलेल्या करारातही हे कलम असतेच, म्हणून तो पुढच्या वर्षीही वाढवता येतो, आणि त्याच्याही पुढच्या. थोडक्यात, एकदा सही केली की खेळाडू कायमचा त्या संघाचा. संघ त्याला विकू शकतो, बदलू शकतो, काढू शकतो. तो स्वतः मात्र कुठे जाऊ शकत नाही. खेळ सोडणे ही एकच मोकळी वाट.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात मालकांनी असे आपसात ठरवून घेतले असते, तर मक्तेदारीविरोधी कायद्याने ते मोडले असते. बेसबॉलला तो कायदा लागूच नव्हता. १९२२ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, असा निकाल दिला होता. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि बदल करायचा तर संसदेने करावा असे सुचवले. पुढे मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना हा कायदा लागू असल्याचे त्याच न्यायालयाने ठरवले. बेसबॉल एकटा बाहेर राहिला.

समोरचे पर्याय

पहिली वाट साधी होती: बॅग भरायची आणि जायचे. फिलाडेल्फियाच्या संघाने सुमारे १ लाख डॉलर देऊ केले. वय ३१, हातात तीनचार चांगले हंगाम. त्याच्या जागी असलेल्या बहुतेकांनी हेच केले असते. त्याच्याबरोबर गेलेल्या मॅककार्व्हरनेही हेच केले, आणि त्यात कमीपणा काही नव्हता.

दुसरी वाट निवृत्तीची. त्याने आधी तेच बोलून दाखवले. पण निवृत्ती म्हणजे मालकांचे म्हणणे मान्य करून गप्प बसणे.

तिसरी वाट घासाघीस करण्याची. नकाराची धमकी द्यायची, पगार आणखी वाढवून घ्यायचा आणि मग जायचे. फिलाडेल्फियाचे अधिकारी बराच काळ हेच चालू आहे असे समजत होते.

चौथी वाट खटल्याची. फ्लड न्यूयॉर्कला जाऊन खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांना भेटला. मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, अर्थशास्त्राचे माणूस, १९६६ पासून संघटना बांधत होते. त्यांनी फ्लडला भरीला घातले नाही. उलट सगळे धोके समोर मांडले: जिंकायची शक्यता नगण्य, खटला वर्षानुवर्षे चालणार, तोवर खेळायचे वय संपणार, जिंकलास तरी तुला काही मिळणार नाही, आणि नंतर खेळात प्रशिक्षक म्हणूनही तुला कुणी उभे करणार नाही. फ्लडने विचारले, बाकीच्या खेळाडूंना, पुढे येणाऱ्यांना याचा फायदा होईल का. मिलर म्हणाले, होईल. मग मला तेवढे पुरे, असे फ्लडचे उत्तर.

मिलर यांनी त्याला तरीही पुन्हा विचार करायला लावले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो मिलर यांचा होता. संघटनेला खटला हवा होता, समोर आयता माणूस आला होता, तरी त्यांनी त्याला आधी पूर्ण हिशेब दाखवला.

डिसेंबर १९६९ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनला संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. फ्लडने आपली बाजू मांडली. टॉम हॅलर या प्रतिनिधीने सरळ विचारले, तू काळा आहेस म्हणून हे करतो आहेस का. काळा असल्यामुळे अन्याय मला जास्त टोचतो, पण हे मी सगळ्या खेळाडूंसाठी करतो आहे, असे त्याने सांगितले. पाठिंब्याचा ठराव २५ विरुद्ध ० असा मंजूर झाला. खर्च संघटना करणार, आणि वकील आर्थर गोल्डबर्ग, जे आधी केंद्रीय मजूरमंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि संयुक्त राष्ट्रांतले राजदूत राहिलेले.

पाचवी एक वाट होती, ती मात्र त्या वेळी पुरेशी चाचपली गेली नाही असे मला वाटते: विरोध नोंदवून फिलाडेल्फियात खेळायचे आणि खेळत असतानाच खटला चालवायचा. तिच्याकडे शेवटी येतो.

प्रत्यक्षात काय केले

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. मेजर लीगमध्ये बारा वर्षे काढल्यावर मी माझ्या इच्छेविरुद्ध विकत घेण्याची किंवा विकण्याची मालमत्ता आहे असे मला वाटत नाही, मला १९७० साठी इतर संघांचेही प्रस्ताव ऐकता यावेत, असा त्याचा आशय. आयुक्तांनी उत्तर दिले की तुम्ही माणूस आहात, मालमत्ता नाही, हे मला मान्यच आहे, पण त्याचा इथे संबंध दिसत नाही. करार करार आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला क्रीडा पत्रकार हॉवर्ड कोसेल यांनी टीव्हीवर त्याची मुलाखत घेतली. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याची तक्रार काय, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. भरपूर पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच, असे फ्लडने उत्तर दिले. त्या एका वाक्याने देशातला मोठा वर्ग त्याच्यावर उलटला. हे वाक्य टाळले असते तर बरे झाले असते, असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. पगार किती हा प्रश्नच नव्हता, हे त्याहून थोड्या शब्दांत सांगता आले नसते. शिवाय ज्याचा गणवेश काठीने उचलला गेला, त्याने कुठला शब्द वापरावा हे इतरांनी ठरवू नये.

१६ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. मुख्य आधार मक्तेदारीविरोधी कायद्याचा, जोडीला सक्तीच्या चाकरीला बंदी घालणारी तेरावी घटनादुरुस्ती. मे आणि जूनमध्ये न्यायाधीश अर्विंग बेन कूपर यांच्यासमोर सुनावणी झाली. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारे जॅकी रॉबिन्सन आले. मधुमेहाने त्यांची तब्येत ढासळली होती, तरी साक्ष दिली. जुने नामवंत फलंदाज हँक ग्रीनबर्ग आले. संघमालक राहिलेले बिल व्हेक आले, आणि त्यांनीही कलम सैल करण्याच्या बाजूने सांगितले. त्या हंगामात खेळणारा एकही खेळाडू मात्र साक्षीला आला नाही, नुसता बाकावर येऊन बसलाही नाही. कार्डिनल्समधला सहकारी बॉब गिब्सन याच्यासारखे जिवलग मित्रही दूर राहिले. ठराव २५-० ने झाला, त्याला सहा महिनेही उलटले नव्हते. भीती खरी होती, कारण त्या सगळ्यांच्या करारात तेच कलम होते.

ऑगस्टमध्ये कूपर यांनी दावा फेटाळला. वरच्या न्यायालयाचे जुने निकाल आपल्याला बांधतात आणि खेळाडू खेळ सोडू शकतो म्हणून ही सक्तीची चाकरी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. एप्रिल १९७१ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

मधल्या काळात फ्लडची घडी विस्कटली. १९७० चा पूर्ण हंगाम तो घरी बसला, पगार शून्य. काही काळ डेन्मार्कला जाऊन राहिला. सेंट लुईसमधला धंदा अडचणीत आला. त्या वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन सेनेटर्सचे मालक बॉब शॉर्ट यांनी फिलाडेल्फियाकडून त्याचे हक्क घेतले आणि १ लाख १० हजार डॉलर देऊ केले. खेळल्यामुळे खटल्याला बाधा येणार नाही, हे ठरवून घेऊन तो १९७१ मध्ये उतरला. पण दीड वर्षाच्या खंडाने पाय आणि नजर दोन्ही मंदावले होते. १३ सामने, ३५ संधी, ७ हिट. एप्रिल संपायच्या आत शॉर्ट यांना तार करून तो विमानाने स्पेनला निघून गेला. ३३ व्या वर्षी कारकीर्द संपली.

सर्वोच्च न्यायालयात मार्च १९७२ मध्ये युक्तिवाद झाला. गोल्डबर्ग यांचा तो दिवस वाईट गेला. माजी न्यायमूर्ती आपल्या जुन्या सहकाऱ्यांसमोर अडखळले, आकडेवारीत गुंतले, वेळ संपली. १९ जून १९७२ रोजी ५ विरुद्ध ३ असा निकाल फ्लडच्या विरोधात लागला. नववे न्यायमूर्ती लुईस पॉवेल बाजूला राहिले, कारण त्यांच्याकडे बुश यांच्या बिअर कंपनीचे शेअर होते. बहुमताचे निकालपत्र हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिले. त्याच्या पहिल्या भागात त्यांनी खेळाचा इतिहास आळवत ऐंशीहून जास्त जुन्या खेळाडूंची नावे दिली आहेत, आणि बहुमतातल्याच दोन न्यायमूर्तींनी त्या भागात सामील व्हायला नकार दिला. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे, हे निकालपत्राने उघड मान्य केले. तरी अर्धशतक चाललेली विसंगती दुरुस्त करणे संसदेचे काम, म्हणून तिला हात लावला नाही. डग्लस, मार्शल आणि ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवले.

निष्पत्ती

निकाल हरल्याचा होता, पण खटला चालू असताना मालकांची बाजू एका ठिकाणी उघडी पडली. हा कोर्टाचा नाही, खेळाडू आणि मालक यांनी वाटाघाटीत सोडवायचा प्रश्न आहे, असे त्यांचे वकील सांगत राहिले. मग वाटाघाटीत नाही म्हणणे त्यांना जड जाऊ लागले. मे १९७० च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या तक्रारी आयुक्ताऐवजी स्वतंत्र लवादापुढे नेण्याची सोय झाली. १९७३ च्या करारात पगाराच्या वादासाठी लवाद आला. त्याच करारात आणखी एक नियम आला: मेजर लीगमध्ये १० वर्षे आणि सध्याच्या संघात सलग ५ वर्षे झालेला खेळाडू अदलाबदलीला नकार देऊ शकतो. लोक त्याला कर्ट फ्लड नियम म्हणतात. १९६९ मध्ये हा नियम असता, तर फ्लडने फोनवर नाही म्हटले असते आणि विषय तिथेच मिटला असता.

१९७५ मध्ये पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारे) अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली सही न करता, वाढवलेल्या करारावर खेळले आणि हंगामाअखेर आपण मोकळे झालो असा दावा घेऊन लवादापुढे गेले. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्स यांनी निर्णय दिला की करारात एक वर्ष लिहिले आहे, त्याचा अर्थ एक वर्ष. मालकांनी साइट्स यांना लगेच काढले आणि कोर्टात गेले, तिथेही हरले. १९७६ च्या करारात सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला मोकळे होण्याचा हक्क मिळाला. सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजार डॉलरच्या आसपास होता, तो १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांच्या पुढे गेला.

फ्लड तेव्हा मायोर्का बेटावर बार चालवून परतला होता. १९७८ मध्ये ओकलंडच्या संघासाठी त्याने समालोचन केले. मेजर लीगच्या कुठल्या संघात मैदानावरची जबाबदारी त्याला मिळाली नाही. मिलर यांनी पहिल्या भेटीत सांगितलेले एकूण एक खरे झाले. २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने तो गेला, वय ५९. ऑक्टोबर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कर्ट फ्लड कायद्यावर सही केली आणि मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीपुरती ती १९२२ ची सूट संपली.

वेगळे काय करता आले असते

सोपे उत्तर असे की कोर्टाऐवजी लवादाकडे जायला हवे होते. मेसरस्मिथला जिंकायला पन्नास वर्षांचे निकाल उलटवावे लागले नाहीत, कराराच्या दोन ओळींचा सरळ अर्थ लावून घ्यावा लागला. फ्लडने कोर्टाला फार मोठा प्रश्न विचारला, आणि मोठा प्रश्न विचारला की न्यायाधीशांना संसदेकडे बोट दाखवता येते. हे विश्लेषण बरोबर आहे, पण त्यावरून फ्लडला दोष देता येत नाही. त्याने दावा दाखल केला तेव्हा स्वतंत्र लवाद अस्तित्वातच नव्हता. तक्रार आयुक्तांकडेच गेली असती, आणि आयुक्त मालकांनी नेमलेले. लवाद आला तो त्याच्या दाव्यानंतर चार महिन्यांनी, खटल्याचे दडपण मालकांवर असताना.

१९७० चा हंगाम सोडण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. खेळलो तर अदलाबदल मान्य केली असे होईल, ही भीती समजण्यासारखी होती. पण हक्क राखून खेळता येते, हे वर्षभरानेच वॉशिंग्टनच्या बोलण्यांत सिद्ध झाले. हीच अट डिसेंबर १९६९ मध्ये आयुक्तांसमोर लेखी ठेवायला हवी होती. त्यांनी ती मान्य केली असती, तर ३२ वर्षांचा, सरावातला फ्लड फिलाडेल्फियात खेळला असता, घर चालले असते आणि खटलाही. नाकारली असती, तर तो नकार कोर्टात फ्लडच्या कामी आला असता. तत्त्वाचा सवाल तसाच राहिला असता, कारण नुकसान सोसल्याने दावा बळकट होत नव्हता. हे त्याला सांगणे वकिलांचे काम होते.

वकिलाच्या निवडीत संघटना नावाला भुलली. गोल्डबर्ग यांच्या नावामुळे खटल्याला वजन आले, हे खरे. पण १९७० मध्ये ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरले आणि नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून हरले. ज्या महिन्यांत साक्षीदार तयार करायचे, त्या महिन्यांत मुख्य वकील प्रचारात. खटल्याला नाव हवे होते, त्याहून जास्त रोज बसून काम करणारा माणूस हवा होता.

मालकांच्या बाजूनेही एक वळण चुकले. १९६८ च्या सामूहिक करारात रिझर्व्ह क्लॉजचा संयुक्त अभ्यास करायचे ठरले होते. तो अभ्यास त्यांनी कुठेच नेला नाही. दहा वर्षे सेवा झालेल्यांना नकाराचा हक्क एवढी एक सवलत तेव्हा दिली असती, तर फ्लडचा खटला उभाच राहिला नसता आणि कलम कदाचित आणखी बरीच वर्षे टिकले असते. एका टोकाचीही ढील द्यायची नाही या हट्टाने त्यांनी सगळेच घालवले.

आणि कोर्टातले ते रिकामे बाक. सान हुआनमध्ये हात वर करणाऱ्या पंचवीस जणांपैकी रोज दोघे जरी आळीपाळीने येऊन बसले असते, तर न्यायाधीशाला आणि वृत्तपत्रांना दिसले असते की हा एका रागावलेल्या माणसाचा दावा नाही. साक्ष द्यायची गरज नव्हती, बोलायचीही नव्हती. सामन्यासाठी प्रत्येक संघ न्यूयॉर्कला येतच होता. अशी हजेरी लावून घेणे संघटनेला जमण्यासारखे होते, आणि पंचवीस जण एकत्र आले असते तर त्या सगळ्यांना एकाच वेळी शिक्षा करणे कुठल्याही मालकाला परवडले नसते.